सर्चभाऊ

माघ महिना लागला की गोंदियातल्या कुठल्या ना कुठल्या पानठेल्यावर कचारगडच्या यात्रेला जायचा बेत शिजतो, आणि त्या घोळक्यात एक सर्चभाऊ असतोच. त्याचं घरचं नाव बाकीचे विसरलेले असतात. गाडी कोणाची, डबे कोणाचे, पैसे कोण भरणार यावर तो तोंड उघडत नाही. मात्र कोणी सहज म्हणालं, "यात्रा कधी आहे बाप्पा यंदा?" की त्याचा हात खिशात जातो. "थांबा. सर्च मारून राहिलो."

मग सगळे थांबतात. पानवाला चुना लावायचा थांबतो.

सर्चभाऊची पहिली अवस्था अर्जदाराची. आयुष्यभर तलाठ्याला आणि वीज कंपनीला अर्ज लिहिलेला हा माणूस गूगललाही अर्जच लिहितो : ‘गोंदियावरून कचारगडला कसे जायचे व यात्रा किती तारखेला आहे व तिथे जेवणाची सोय आहे किंवा कसे’. खाली ‘आपला विश्वासू’ तेवढं राहून जातं. त्याआधी कीबोर्डशी एक चकमक झालेली असते. ‘कचारगड’ लिहायला घेतलं की मोबाइल मोठ्या मनाने ‘कचरागाडी’ सुचवतो, आणि घाईत बोट तिथेच पडतं. नगरपरिषदेच्या घंटागाडीचं वेळापत्रक वाचून झाल्यावर भाऊ पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

आताची शोधयंत्रं लांबलचक वाक्याचाही बराचसा अर्थ लावतात, हे खरं. पण एका दमात तीन प्रश्न विचारले तर ती एखाद्या कारकुनासारखी सोपा कागद आधी पुढे सरकवतात. भाऊला एक बातमी मिळते, तीत २४ फेब्रुवारी असते, आणि तो ती पानठेल्यावर जाहीर करून टाकतो. बातमी २०२४ ची असते. यात्रा भरते माघ पौर्णिमेला, आणि पौर्णिमा चंद्राच्या हिशेबाने चालते : २०२४ मध्ये ती २४ फेब्रुवारीला होती, २०२५ मध्ये १२ फेब्रुवारीला आणि २०२६ मध्ये थेट १ फेब्रुवारीला. एका वर्षी भाऊच्या तारखेवर विसंबलेली मंडळी सुटी टाकून मोकळी झाली, तेव्हा भाविक घरी पोचून त्यांचे कपडेही वाळले होते.

या फजितीनंतर नागपूरला शिकणारा भाचा मदतीला धावून येतो. "मामा, बातमी कोणत्या साली छापली ते तर पाहा! ‘टूल्स’मध्ये जा, मागचा एक महिना निवडा." मामा चमकतो. भाचा मग अवतरणचिन्ह, वजाचं चिन्ह आणि इंग्रजीत ‘साइट’ लिहून कोलन देणं असे तीन मंत्र देतो, आणि सर्चभाऊची दुसरी अवस्था सुरू होते. ही पहिलीहून जास्त त्रासाची.

वजाचं चिन्ह त्याला सर्वांत आवडतं. गोंदिया जिल्ह्यात त्याची गरजही खरीच आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. पण नुसतं ‘प्रतापगड’ शोधलं की अफझलखान येतो, महाबळेश्वरची हॉटेलं येतात, उत्तर प्रदेशातला प्रतापगढ जिल्हा येतो. आपल्या गावच्या महादेवाचा नंबर काही लागत नाही. भाऊने ‘प्रतापगड’पुढे वजा सातारा, वजा महाबळेश्वर असं लिहिलं आणि निम्मी गर्दी हटली. कचारगडच्या पायथ्याचं गाव धनेगाव. नुसतं ‘धनेगाव’ टाकलं की बीड जिल्ह्यातल्या मांजरा धरणात किती पाणी उरलं ते कळतं, कारण ते धरणही धनेगावलाच आहे. दरेकसाजवळच्या हाजरा धबधब्याचा शोध घेताना तो कोलकात्याच्या हाजरा रोडवर जाऊन आला होता. तेव्हा वजा मांजरा, वजा कोलकाता. वजाबाकीचा हा आनंद त्याला चौथीतही मिळाला नव्हता.

फक्त एक बारकावा त्याच्या हातून नेहमी निसटतो. वजाचं चिन्ह नको असलेल्या शब्दाला चिकटून हवं. मध्ये जागा सुटली तर यंत्र त्याला वजा मानत नाही, आणि सातारा पुन्हा दारात उभा. ‘साइट’ आणि कोलनच्या बाबतीतही तेच. भाचा ओरडतो, "मामा, जागा सोडू नका!" मामा म्हणतो, "अक्षरं मोकळी असली पाहिजेत, आम्हाला गुरुजींनी असंच शिकवलं." अधिकच्या चिन्हावरही त्याची अशीच जुनी निष्ठा आहे. शब्दामागे ते लावून ‘हा शब्द हवाच’ असं सांगायची सोय गूगलने २०११ मध्ये बंद केली. भाऊ अजून ते लावतो, जुनी पाचशेची नोट पाकिटात जपून ठेवावी तसं.

अवतरणचिन्हाची गंमत निराळी. ‘पारी कुपार लिंगो’ हे तीन शब्द सुटे टाकले तर ‘पारी’ हिंदीत डावाला म्हणतात म्हणून क्रिकेटचे धावफलक उगवतात, आणि ‘लिंगो’ला इंग्रजी शिकवणारी अॅप धावून येतात. तिन्ही शब्द अवतरणचिन्हात बांधले की गोंडी धर्मगुरू लिंगो समोर येतो, ज्याने जंगो रायताडच्या साथीने कली कंकालीची ३३ मुलं कचारगडच्या गुहेतून सोडवली असं कोयापुनेम हा गोंडांचा धर्म सांगतो. हे साधल्यावर भाऊला अवतरणचिन्हाची नशाच चढली. त्याने ‘गोंदियावरून दरेकसाला सकाळची गाडी किती वाजता’ हे अख्खं वाक्य चिन्हात कोंबलं. यंत्र म्हणालं, काही सापडलं नाही. सापडणार कसं? हे वाक्य जसंच्या तसं जगात दुसऱ्या कोणी लिहिलंच नव्हतं. भाऊने यातून दरेकसाची गाडी बंद झाल्याचा निष्कर्ष काढला.

त्याची खरी परीक्षा पाहिली ती घोळक्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी. भाऊ सांगत होता, "जुन्या पुस्तकांत कचारगड नाहीच. गोंदिया जिल्हा, कचारगड, सगळं टाकून पाहिलं." मास्तर सुपारी कातरत म्हणाले, "अरे, १ मे १९९९ च्या आधी गोंदिया जिल्हा होता तरी कुठे? आपण भंडाऱ्यात होतो." भाऊचा अंगठा हवेतच थांबला. लिहिणाऱ्याने ज्या नावाने लिहिलं त्याच नावाने हाक मारली तर कागद ‘ओ’ देणार! त्या रात्री त्याने ‘गोंदिया’ खोडून ‘भंडारा’ लिहिलं आणि इंग्रज अमदानीतलं १९०८ चं भंडारा गॅझेटियर त्याच्या मोबाइलात उतरलं.

मग गाडी थांबेना. मराठीत ‘गड’, हिंदीत ‘गढ’. मोतीरावण कंगालींसारख्या अभ्यासकाने गोंडी पुनेमवर हिंदीतून लिहिलं, म्हणजे तिथे ‘ढ’च टाकायला हवा. इंग्रजीत तर शेवटी डी, डीएच की आरएच यावर लिहिणाऱ्यांचं एकमत नाही. तिन्ही रूपं लिहून मध्ये ‘ऑर’ टाकायचा, तोही मोठ्या इंग्रजी अक्षरांत, हे त्याला भाच्याने फोनवर रात्री साडेअकराला सांगितलं. पहाटेकडे मात्र त्याला असं काही सापडलं की मुंडीच हलेना. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही नागपुरात आहे, त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्यांत लिंगोची कथा आहे, महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून दाराला दगड लावल्याचा प्रसंग आहे, आणि ठिकाणाचं नाव आहे ‘काचीकोपा लोहागड’. इथले भाविक ते नाव याच डोंगराशी जोडतात. ‘कचारगड’ असं शंभर वेळा टाकून हे पान हाती लागलं नसतं.

भाऊने ती पीडीएफ पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर टाकली. सकाळपर्यंत तिच्यावर चार अंगठे आणि एक ‘शुभ प्रभात’ आला. उघडली कोणीच नाही. मास्तरांनी तेवढं विचारलं, "जेवायच्या सोयीचं काय झालं?"

यात्रेच्या दिवशी मंडळी आमगाव, सालेकसा करत दरेकसाला उतरली. मुंबई-हावडा मार्गावरचं हे छोटंसं स्टेशन त्या दिवशी पिवळ्या दुपट्ट्यांनी भरून जातं. ‘जय सेवा’चा गजर, सप्तरंगी झेंडे, चार-पाच राज्यांतून आलेली माणसं. कित्येक गाड्यांवर ७५० लिहिलेलं होतं. गोंडी धर्मात हा पवित्र आकडा. भाऊने तो चालता चालताच शोधला आणि मोटारसायकलींच्या किमती वाचत धनेगावपर्यंत आला. पुढे जंगलात वाट चढू लागली, तसे मोबाइलचे दांडे एकेक करून गळाले. आधी छत्तीसगडच्या टॉवरने स्वागताचा संदेश पाठवला, मग तोही गेला. गुहेच्या प्रचंड तोंडाशी भाऊ पोचला तेव्हा पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. तो हात उंचावून दगडावर उभा राहिला. मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला वाटलं, हा झेंडा विसरला. तिने आपल्या हातातला छोटा झेंडा त्याच्या हातात दिला आणि पुढे निघून गेली.

उतरल्यावर सगळे चहाच्या पालात टेकले. भाऊला यंदाच डॉक्टरने साखर सोडायला लावली होती. दमलेल्या, पण दिवसभर रेंजवाचून कोंडून राहिलेल्या आवाजात त्याने ऑर्डर दिली, "एक चहा, वजा... साखर."

चहा आला. पहिल्या घोटाला भाऊचा चेहरा वाकडा झाला. पाकासारखा गोड.

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, मध्ये जागा सोडली तुम्ही."