किल्ली कुणाकडे आहे?

शाळेच्या ग्रंथपालांमध्ये जगप्रसिद्ध म्हणावी अशी एकच व्यक्ती आहे, आणि ती खरी नाही. हॉगवर्ट्स शाळेच्या मॅडम पिन्स. जे. के. रोलिंगबाईंनी त्यांना थेट उपाशी गिधाडाच्या पंगतीला बसवलंय. हातात पिसांचा झाडू, आणि ग्रंथालयात चॉकलेट खाणाऱ्या हॅरीच्या मागे त्याचंच दप्तर मंत्र घालून सोडायची तयारी. आमच्या व्यवसायाची ही बदनामी वाचून मी निषेधाचं पत्र लिहायला घेतलं होतं. पण दप्तर मागे सोडण्याची कल्पना इतकी पटली की पत्र राहूनच गेलं.

तर या हॅरी पॉटर मालिकेवर आमच्या ग्रंथालयात उपक्रम करायचे ठरले. निमित्त वाचन प्रेरणा दिनाचं. माजी राष्ट्रपती डॉ. कलामांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात 2015 पासून या नावाने साजरा होतो. फोटोला हार, दोन भाषणं, आणि मग मूकवाचन, म्हणजे पुस्तक उघडं धरून खिडकीबाहेर बघणं. लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनानेही त्याच वर्षी ‘हॅरी पॉटर बुक नाइट’ सुरू केली. आमच्याकडे रात्र शक्यच नव्हती, रिक्षावाले काका पाच वाजता हॉर्न वाजवायला लागतात. त्यामुळे आमची नाइट दुपारी अडीचला, पडदे ओढून झाली. प्रवेश अर्थातच पावणेदहा नंबरच्या फलाटावरून. मी स्वतः अर्धवेळ ग्रंथपाल असल्यामुळे मला त्या पाऊणचं काही अप्रूप वाटलं नाही.

पहिला कार्यक्रम गटवाटपाचा. हॉगवर्ट्समध्ये चार गट: लाल, हिरवा, निळा, पिवळा. आमच्या शाळेतही चार हाउस: लाल, हिरवं, निळं, पिवळं. हा काही योगायोग नव्हे. ही इंग्रजी निवासी शाळांची रीत. रोलिंगबाईंनी ती घरची म्हणून वापरली, आपण आयात केली आणि थोर पुरुषांची नावं देऊन शुद्ध करून घेतली. आता गट ठरवायला हॉगवर्ट्ससारखी बोलकी टोपी हवी. स्नेहसंमेलनाच्या ट्रंकेत टोपी नव्हती, ऐतिहासिक नाटकातली पगडी होती. तिला आवाज द्यायला शिपाईकाकांना कपाटामागे उभं केलं. हॅरीच्या गटाचं ‘ग्रिफिंडॉर’ हे नाव म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. पोरगं खुर्चीत बसलं, पगडी नाकापर्यंत उतरली की कपाटामागून आवाज यायचा, “आडनाव काय?” आणि मग, “बरं. पिवळा.” मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वार्षिक परीक्षेच्या टक्क्यांवरून अ, ब, क, ड तुकड्या पाडणारी पगडी त्यांच्या डोक्यावर दरवर्षी बसतेच. ही निदान नाव तरी विचारत होती.

मधेच शाळा समितीचे एक सदस्य आले. “बाई, हे जादूटोण्याचं काय चालवलंय? 2013 चा कायदा माहीत आहे ना?” कायदा मला माहीत होता. त्यात नरबळी आहे, अघोरी प्रथा आहेत. क्रेप कागदाचा झगा घातलेली पाचवीतली मुलं नाहीत. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की अमेरिकेतसुद्धा 2000 ते 2009 या दशकात ग्रंथालयांतून काढून टाकायची मागणी सर्वाधिक झाली ती याच मालिकेची, अशी तिथल्या ग्रंथालय संघटनेची यादी आहे. आपली शंका अमेरिकन दर्जाची निघाल्याचं कळताच ते प्रसन्न झाले आणि मालिकेतल्यासारखा चॉकलेटचा बेडूक खाऊनच गेले. बेडूक दिसायला मोदकासारखा होता, कारण साचा मोदकाचाच मिळाला होता.

जादूच्या काढ्यांचा तास विज्ञानाच्या सरांनी घेतला. स्टीलच्या पेल्यात दिसणार नाही म्हणून काचेचा ग्लास आणला, त्यात गोकर्णाच्या फुलांचं गरम पाणी. शाईसारखं निळंशार. सहावीतल्या एका मुलीने वर लिंबू पिळलं. पहिले दोन थेंब नुसतेच बुडाले. तिसऱ्याला कडेने जांभळी रेघ उतरली आणि ती चमचा फिरवेपर्यंत सगळा ग्लास जांभळा-गुलाबी झाला. वर्ग असा ओरडला की शेजारच्या वर्गात गणित थांबलं. मग हळदीच्या पाण्यात खाण्याचा सोडा: पिवळ्याचं लालसर. त्यात लिंबू: परत पिवळं. टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “सर, असलं सगळं एका पुस्तकात आहे का?”

होतं. डाव्या हाताच्या तिसऱ्या कपाटात. कपाटाला कुलूप होतं.

मुलं एव्हाना मंत्रांत पारंगत झाली होती. साठ पोरं कुलपाकडे जादूच्या काड्या रोखून कुलूप उघडण्याचा मंत्र एका सुरात ओरडली, “अलोहोमोरा!” आणि व्हरांड्यातून शिपाईकाकांचा आवाज आला, “आलो, आलो!” हातात किल्ल्यांचा जुडगा. मंत्राचा इतका तत्काळ परिणाम हॉगवर्ट्समध्येही क्वचितच झाला असेल.

मला खरं म्हणायचंय ते इथे आहे. हॉगवर्ट्सच्या ग्रंथालयात एकच विभाग बंद असतो, तिथली पुस्तकं शिक्षकाची सही असलेली चिठ्ठी दाखवल्याशिवाय मिळत नाहीत. (हर्मायनी ती सही लॉकहार्ट सरांकडून मिळवते, आणि सर कशावर सही करतोय हे बघतसुद्धा नाहीत. न बघता सही करणारे शिक्षक ही जागतिक घटना आहे.) आपल्या शाळांत मात्र अख्खं ग्रंथालयच बंद विभाग. त्याला ग्रंथपालाचा दुष्टपणा कारणीभूत नसतो. वर्षअखेरीच्या पडताळणीत पुस्तक गहाळ निघालं की त्याचे पैसे कुणाच्या पगारातून जाणार, हा प्रश्न असतो. आमच्याकडे विश्वकोशाचे खंड इतके सुरक्षित होते, की त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी स्वतः आले असते तरी त्यांना अर्ज करावा लागला असता.

त्या दिवशी ते खंड बाहेर काढले. हॅरीच्या पहिल्या भागाचं मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. त्यातली पोरं निकोलस फ्लॅमेल हे नाव ग्रंथालयात अनेक दिवस धुंडाळतात, आणि त्याची माहिती सापडते हर्मायनीने हलकंफुलकं म्हणून खोलीवर नेलेल्या एका जाडजूड ग्रंथात. हा फ्लॅमेल पॅरिसचा खराखुरा लेखनिक होता, 1418 मध्ये वारला आणि त्याने बांधलेलं घर अजून उभं आहे, हे सांगितल्यावर मुलं खंडांवर तुटून पडली. परीस, किमया, पारा, सोनं. ‘मोदक-बेडूक’ संपले तरी शोध संपेना. दोन पानं फाटली. एका खंडाच्या बांधणीने राम म्हटला.

पूर्वी मला अशा वेळी घाम फुटायचा. पण या मालिकेच्या पहिल्या पुस्तकाची 1997 ची गोष्ट मला माहीत आहे. पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या 500 प्रती छापल्या, त्यातल्या 300 ग्रंथालयांत गेल्या. पोरांनी हाताळल्या, डाग पाडले, ग्रंथपालांनी शिक्के मारले, काही रद्दबातल ठरवून काढूनही टाकल्या. आज तशी शिक्के मारलेली प्रत लिलावात लाखो रुपयांना जाते. एखाद्या ग्रंथपालाने तेव्हा ‘नवीन आहे, खराब होईल’ म्हणून ती कपाटात घातली असती, तर किंमत आणखी आली असती हे खरं. पण सगळ्यांनीच घातल्या असत्या, तर हॅरी कोण हे विचारायलाही कुणी आलं नसतं.

तुमच्या शाळेत असे उपक्रम करायचे असतील तर झगे, झाडू, काड्या यांवर फार खर्च करू नका, क्रेप कागद पुरतो. कुलपं काढा, निर्लेखनाच्या यादीत दहा-वीस पुस्तकं जाऊ द्या. आणि मुख्याध्यापकांना एकच विनंती: वेळापत्रकातला ग्रंथालयाचा तास शिष्यवृत्तीच्या जादा गणितासाठी देत जाऊ नका.