बारशाला या, नाव मल्हारच आहे

बोरिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात संध्याकाळी सहाला उभं राहा आणि "मल्हाऽऽर, चल घरी!" अशी खणखणीत हाक मारा. एकही पोरगं वळून बघणार नाही. बहिरी नाहीत हो ती! हाक दुसऱ्या मल्हारला असणार अशी त्यातल्या प्रत्येकाची खात्री असते. मग आया सुधारित हाका मारतात. "बी विंगचा मल्हार!" "चष्मेवाला मल्हार!" आणि अगदीच नाइलाज झाला की, "मल्हार, मी तुझीच आई बोलतेय!"

काय चाललंय काय हे? वेड लागलंय का उपनगरांना? अंधेरी म्हणू नका, मुलुंड म्हणू नका, मुलगा झाला की मल्हार. पेढ्यांच्या आधी नाव येतं, आणि येताना ठरलेलं वाक्य सोबत घेऊन येतं: "आम्हाला ना, जरा वेगळं नाव हवं होतं." हे वाक्य आपण गेल्या वर्षभरात किती तोंडांतून ऐकलं? सगळ्यांनाच वेगळं हवं होतं आणि सगळ्यांना तेच सापडलं!

आठवा, आपल्या लहानपणी कोण होता हो मल्हार? इतिहासाच्या पुस्तकातले मल्हारराव होळकर, पागोटं, मिशा आणि मांडीखाली घोडा. नाहीतर गावाकडचे मल्हारीआबा, पानाची चंची सोडून बसलेले. मुंबईला येताना आपण ते नाव एसटीच्या टपावरच विसरून आलो. आपल्या पिढीला काय मिळालं? संदीप, सचिन, अमित, राहुल. एकेका वर्गात चार अमित असायचे, तेव्हा कुणाचं पोट दुखलं नाही. पुढे अथर्व आणि आर्यनची लाट आली, मग 'आ'ने सुरू होणाऱ्या दोन अक्षरी नावांची सुनामी. तीही आपण सोसली. पण मल्हार? ज्या नावाच्या पोराला आपण शाळेत 'मल्ह्या' म्हणून रडवलं असतं, ते नाव आज नर्सरीच्या प्रवेशयादीत ऐटीत बसलंय!

मुळापाशी जायचं तर २०१४ हे साल धरावं लागतं. त्या वर्षी मे महिन्यात झी मराठीवर खंडोबाची मालिका 'जय मल्हार' सुरू झाली आणि ८ जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. मेट्रोनं आपला वेळ वाचवला आणि वाचलेला वेळ आपण खंडोबा झालेल्या देवदत्त नागेच्या दंडांकडे बघण्यात घालवला. खोटं कशाला बोला? खंडोबाच्या बायका म्हाळसा आणि बानू यांच्यातला तिढा सुटेपर्यंत उपनगरांत कुकरच्या शिट्या खोळंबत होत्या. एप्रिल २०१७मध्ये मालिका संपली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मध्येच २०१५च्या डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी' आला, त्यात रणवीर सिंग 'मल्हारी' गाण्यावर असा काही नाचला की जी बाळं अजून पोटात होती त्यांचीही नावं ठरली.

आता गंमत बघा. त्याच २०१४ सालाच्या सुरुवातीला 'टाइमपास' नावाचा सिनेमा तुफान चालला होता. त्याचा नायक दगडू. अख्ख्या महाराष्ट्रानं दगडूवर जीव ओवाळून टाकला. किती जणांनी मुलाचं नाव दगडू ठेवलं? आहे का एक तरी, घाटकोपरच्या पंतनगरात नाहीतर मुलुंडच्या गव्हाणपाड्यात? नाव काही कमी जुनं नव्हतं. मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून आपल्या पणज्या दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवायच्या. मायेच्या पोटी ठेवलेली नावं ती! पण आपल्याला मुळांकडे जायचं असतं ते फक्त मुळं दिसायला देखणी असतील तेव्हा.

बरं, नावाचा अर्थ विचारायची सोय नाही. विचारलात की घरात दोन पक्ष पडतात. मुलुंडमधल्या एका बारशाला आपण हा सोहळा डोळ्यांनी पाहिला. बाळाची आई म्हणाली, "मल्हार म्हणजे राग. पावसाचा." तिनं मेघमल्हार, गौडमल्हार, मियाँ की मल्हार अशी उतरंडच रचली. तिला यातलं काय गाता येतं हे विचारण्याइतके आपण असभ्य नाही. तेवढ्यात कोपऱ्यातून आजी कडाडली, "राग कसला? खंडोबा आहे तो! आपलं कुलदैवत!" झालं. एका बाजूला तानसेन, दुसऱ्या बाजूला जेजुरी आणि मध्ये पाळण्यात झोपलेला बिचारा. कॉलेजात असताना सेंट झेवियर्सच्या 'मल्हार' महोत्सवाचा पास न मिळाल्याचं दुःख मुलाच्या नावात जिरवणारा तिसरा पक्षही असतो म्हणे, पण तो उघड बोलत नाही. तो महोत्सव १९७९पासून चालू आहे, म्हणजे न मिळालेल्या पासांची संख्या काढा!

आजीचं खरं धरलं तर प्रकरण आणखी खमंग होतं. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य भाऊ. मल्लाचा अरि, म्हणजे शत्रू, तो मल्लारि. त्याचाच झाला मल्हारी आणि शेपूट कापल्यावर मल्हार. कथा अशी की मरताना मल्लानं देवाकडे मागणं मागितलं, तुझ्या नावाआधी माझं नाव लागू दे. देव भोळा, दिलं वरदान. म्हणजे ज्या बाळाच्या पाळण्यावर आपण सोनेरी अक्षरांत नाव टांगलंय, त्यातलं अर्धं नाव दैत्याचं आहे! रात्री तीनला ते ज्या पट्टीत रडतं त्यावरून पालकांना संशय आलाच असेल म्हणा. हा देव आहेही मोठा ऐसपैस. कर्नाटकात मैलार, तेलंगणात मल्लण्णा, मुसलमान भक्तांचा मल्लूखान, धनगरांचा आणि देशस्थांचा सारखाच कुलस्वामी. एवढ्यांना पुरून उरला, तो बोरिवलीला काय भारी?

आणि मल्हाररावांचं म्हणाल तर लोक होळकरांपाशी थांबतात. १६९३चा जन्म, जेजुरीजवळचं होळ गाव, मेंढपाळाच्या घरातून माळव्याच्या सुभेदारीपर्यंतची झेप. अभिमानानं सांगावी अशीच गोष्ट आहे. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचं नाव मात्र बारशाच्या भाषणात कुणी काढत नाही. का बरं? या गृहस्थांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या होत्या. सोन्याच्या! पुढे इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर याच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा त्यांच्यावर आळ आला. बचावाला थेट विलायतेहून बॅरिस्टर बॅलंटाइन आणवला. चौकशीला सहा जण बसले: तीन इंग्रज म्हणाले दोषी, तीन हिंदी त्यांच्याशी सहमत होईनात. तरी १८७५ साली सरकारनं त्यांना गादीवरून उतरवून मद्रासला धाडलं. आणि गादीवर आणलं कुणाला, तर नाशिककडच्या कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळला, तेही नाव बदलून सयाजीराव करून. इतकी चमचमीत कथा नावात असताना तुम्ही पाहुण्यांना पावसाचा राग काय सांगता?

आता उच्चार. 'ल्ह' हे आपलं खास अक्षर. कोल्हा म्हणा, कोल्हापूर म्हणा, मग मल्हार म्हणा. पण इंग्रजी शाळेतल्या बाई हजेरी घेताना म्हणतात 'मालहर'. आठवडाभर पोरगं हात वर करत नाही, आणि घरी तक्रार जाते की मुलाचं लक्ष नसतं! त्यात अंकशास्त्रवाले आहेतच. त्यांच्या सल्ल्यानं कुणी इंग्रजी स्पेलिंगात एक जादा 'ए' घालतो, कुणी दोन. अंधेरीच्या एका घरात तर शेवटी दोन 'आर' लावलेत. एवढा 'र' गडगडला तर पाऊस पडेलच.

ज्योतिषाचंही तेच. मघा नक्षत्राची अक्षरं मा, मी, मू, मे. म्हणजे 'म'वरून नाव येण्यासाठी बाळानं जरा वेळ पाहून यायला हवं. चंद्र एका नक्षत्रात जेमतेम एक दिवस असतो. मग पश्चिम आणि मध्य रेल्वेवरची सगळी बाळं त्याच दिवशी जन्मली की काय? विचारलं की उत्तर तयार: "ते नावरस नाव वेगळं हो, हाकेचं मल्हार." घ्या! आत्या कानात कुर्रर्र करून दमते आणि पत्रिकेतलं नाव पत्रिकेतच मरतं. १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या नावापुढे सरकारी कागदांत आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं असा नियम आला. कारण मोठं आणि स्तुत्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मंत्रालयातल्या कुणीतरी मल्हारांची यादी बघून धसका घेतला असणार, असं आपल्याला मनातून वाटतंच.

बारशांचं तर बोलूच नका. पिवळे पडदे, पिवळे फुगे, पिवळ्या पैठण्या. एका ठिकाणी केकच जेजुरीचा गड होता, साखरेच्या पायऱ्यांसकट. दीपमाळ कुणी खायची यावरून मावशी आणि काकू अबोल्यावर आल्या. दुसरीकडे हौसेनं भंडारा उधळला. खरा, हळदीचा. हॉलवाल्यानं डिपॉझिट परत दिलं नाही, पण फोटो असे आले की त्याचं काही वाटलं नाही. बाळ पाच महिन्यांचं झालं की त्याला पोटाशी बांधून सासवडजवळच्या मल्हारगडावर न्यायचं. मराठ्यांनी शेवटी शेवटी बांधलेला, चढायला सोपा किल्ला तो. बाळ पूर्णवेळ झोपलेलं असतं, तरी फोटोखाली लिहायचं, 'पहिला गड सर!' हेच बाबा लग्नानंतर जेजुरीला गेले तेव्हा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायची रीत 'कंबर धरली' म्हणून टाळून आले होते.

आणि घाटकोपरला हे फक्त मराठीच आहे असं समजू नका. तिकडच्या गुजराती घरांतही मल्हार आहेतच. गुजराती सिनेमाचा नट मल्हार ठाकर आहे ना! एकाच मजल्यावर वरणभातवाला मल्हार आणि खिचडी-कढीवाला मल्हार, आणि कुरियरवाला मधल्या मध्ये वेडा.

एक प्रश्न मात्र आपण प्रत्येक बारशाला दातांखाली दाबून परत आणतो. त्याच देवाचं नाव आहे ना? मग खंडू का नको? मल्हाररावांनी आपल्या मुलाचं नाव खंडेराव ठेवलं होतं. पूर्वी नवसानं झालेली पोरं मल्हारी असत, तशीच खंडू असत, म्हाळू असत. देवाचं देणं फेडायचं होतं, शाळेच्या बाईंना आवडायचं नव्हतं. आज 'खंडू' म्हणून बघा. त्याच पिवळ्या पडद्यासमोर सगळ्यांचे चेहरे पांढरे पडतात. देव चालतो, त्याचं घरगुती नाव चालत नाही!

नावं ठेवणाऱ्यांचं काय झालं तेही ऐका. अंधेरी पश्चिमेच्या एक ओळखीच्या मावशी तावातावानं म्हणायच्या, "देवाचं नाव देवळात राहू द्या, पोरांच्या दप्तरावर कशाला?" गेल्या चंपाषष्ठीला त्यांच्याकडून वांग्याचं भरीत आणि रोडग्यांचं आमंत्रण आलं. गेलो, तर मांडीवर नातू. "काय नाव ठेवलं?" मावशींनी पदर सारखा केला. "सुनेनं ठेवलं हो. पण घेताना बरं वाटतं तोंडात." आपणही बाळाच्या गालाला हात लावून म्हणून पाहिलं. मल्हार. खरंच बरं वाटतं, मेलं.

परवा आमच्याच मजल्यावरची एक गरोदर मुलगी लिफ्टमध्ये भेटली. "मल्हार फारच कॉमन झालंय," ती म्हणाली. मग लिफ्ट रिकामी असूनही तिनं आवाज खाली आणला. "आम्ही मार्तंड पक्कं केलंय. प्लीज कुणाला सांगू नका हं, लगेच चोरतात." मार्तंड! चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मी हसू दाबत आले. शब्दाला जागले, सोसायटीत कुणाकुणाला म्हणून सांगितलं नाही. फक्त पुतणीला मेसेज टाकला. तिला सातवा लागलाय, आणि मुलुंड तसं लांबच आहे.