फिरत्या बिऱ्हाडाचा कारभारी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, ही म्हण कोण्या पुरुषाने रचली असावी असा माझा फार दिवसांचा संशय आहे. कारण पाठीवर पिल्ले घेऊन हिंडते ती विंचवीण, आणि श्रेय मात्र विंचवाच्या खाती जमा होते. आमच्या भाचीचे यजमान याच गोत्रातले. ऑकलंडास नोकरीनिमित्त स्थायिक झालेला हा सालस गृहस्थ एरवी घरातल्या कोणत्याही वादात मत देत नाही. पण नाताळची सुट्टी, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, सुरू होऊन भाड्याची कॅम्पर गाडी दाराशी उभी राहिली की त्याच्या अंगी एखाद्या पेशवाई कारकुनाचा संचार होतो. चाकांवर उभ्या असलेल्या दहा हात लांबीच्या या घरात चूल, मोरी, बिछाने आणि शौचकूप एवढे सारे सामावलेले असते, आणि उरलेल्या जागेत माणसांनी राहावे अशी अपेक्षा असते.

या मोहिमेची एक वही आहे. तीत डाळ-तांदळापासून कपड्यांच्या चिमट्यांपर्यंत प्रत्येक जिन्नस कोणत्या कप्प्यात आहे याची नोंद असून, पिण्याच्या पाण्याची टाकी कधी भरली, सांडपाण्याची कधी रिकामी केली, याचा रोजचा ताळेबंद वेगळा आहे. तिकडे नगरपालिकेच्या मोकळ्या जागेवर गाडीतच रात्र काढायची तर शौचकूप गाडीत पक्के बसविलेले हवे, असे २०२३ च्या कायद्याने ठरविले, आणि तसा हिरवा दाखला गाडीवर दिसेल असा लावावा लागतो. त्या दाखल्याला तिकडे वॉरंट म्हणतात. आमच्या पिढीला वॉरंट म्हटले की दाराशी फौजदार दिसतो. जावईबापूंना मात्र त्या शब्दाने सनद मिळाल्यासारखे वाटते, आणि ठराविक मुक्कामी ती शौचपेटी उपसायला ते ज्या गांभीर्याने निघतात ते गांभीर्य मी पूर्वी फक्त मौंजीबंधनात पाहिले होते. घर सोडून मोकळे हिंडावे म्हणून निघालेला माणूस घरात कधी केला नसेल इतका घरकारभार रस्त्यावर करीत होता. भाची हसून म्हणाली, "मामा, घरी याला साखरेचा डबा सापडत नाही हो."

उत्तर बेटाचा मुलूख मजल-दरमजल करीत आम्ही वेलिंग्टनला पोचलो. तिथून दक्षिण बेटावरील पिक्टनला जायचे ते गाडीसकट बोटीने, सुमारे ब्याण्णव किलोमीटर, साडेतीन तास. बोटीचे भाडे गाडीच्या लांबीवर ठरते. सबब आदल्या संध्याकाळी जावईबापूंनी टेप लावून गाडी तीनदा मोजली, मागे टांगलेल्या सायकलींसह आणि सायकलींवाचून. धक्क्यावर गॅसची टाकी बंद केल्याची जबानी त्यांनी विचारण्यापूर्वीच दिली. मग मालमोटारींच्या रांगेतून आमचे घर त्या लोखंडी उदरात शिरले, आणि पोरे, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, ओकारीच्या पिशव्या असा सगळा लवाजमा मोजून घेत आम्ही वर आलो.

बोट सुटली की गाड्यांचा मजला उतारूंना बंद होतो. त्या दाराला कुलूप पडले, भोंगा वाजला, आणि तीन वर्षांच्या धाकटीने विचारले, "बाबा, माझी गोधडी?"

ही गोधडी पणजीच्या नऊवारी लुगड्यांची. तिचे एक टोक गालाशी धरल्यावाचून या कन्येला झोप येत नाही. जावईबापूंचा चेहरा क्षणभर उतरला, पण वहीवरची निष्ठा ढळली नाही. "खाली आहे, बाळा. डाव्या बाजूला, तिसऱ्या कप्प्यात, टॉवेलांच्या खाली." ठावठिकाणा इतका बिनचूक मिळूनही वस्तू मिळत नाही, हा राज्यकारभाराचा अनुभव तिला तीन वर्षांच्या वयातच आला, आणि तिने त्याचा निषेध अशा स्वरात नोंदविला की शेजारचे दोन धनगरी कुत्र्यांचे मालक उठून वाऱ्यात जाऊन उभे राहिले. जावईबापू खिडकीपाशी बसलेल्या बाईकडे अर्ज घेऊन गेले. तिने अत्यंत ममतेने नकार दिला.

कुकच्या सामुद्रधुनीत वारा कसा असतो हे मी सांगत नाही. चहा कपात राहत नव्हता एवढे पुरे. तशात जावईबापूंनी गोष्ट आरंभिली: याच देशात पेलोरस जॅक नावाचा एक डॉल्फिन होता, तो १८८८ पासून चोवीस वर्षे बोटींना सोबत करी, आणि १९०४ साली सरकारने खास हुकूम काढून त्याला अभय दिले. धाकटीने हुंदका आवरून नीट ऐकले आणि विचारले, "त्याच्याकडे गोधडी होती?" आता सहा वर्षांची थोरलीही चिंतेत पडली. अखेर मी गळ्यातला लोकरी मफलर सोडून दिला. धाकटीने तो हुंगला, नाक मुरडले, पुन्हा हुंगला, आणि बोट क्वीन शार्लट साउंडच्या निवांत पाण्यात शिरून दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर दिसू लागले तेव्हा ती माझ्या मांडीवर घोरत होती.

पिक्टन जवळ आले, गाड्यांकडे चला असा पुकारा झाला, आणि आपले घर कोणत्या मजल्यावर ठेवले आहे याची नोंद वहीत नाही असे उघडकीस आले. तीन जिने उतरून चार चढल्यावर थोरली म्हणाली, "पिवळ्या दाराजवळ." ते तिथेच होते. गोधडी डाव्या बाजूला, तिसऱ्या कप्प्यात, टॉवेलांच्या खाली निघाली. कन्येने डोळे किलकिले करून ती पाहिली आणि दूर ढकलली.

रात्री मुक्कामावर मी वही चाळली. 'बोटीवर नेणे' या नव्या सदराखाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते: गोधडी, १, मामांचा मफलर, १. परतीला अजून नऊ दिवस होते, आणि वाऱ्याने माझा घसा बसला होता.