तळाची सोयरीक

यवतमाळात आर्णी नाक्यापासून लोहाऱ्यापर्यंत कोणाच्याही घरी काचेची टाकी आली, की टाकीवाले भाऊ दारात हजर. बोलावणं लागत नाही. असा एक गृहस्थ प्रत्येक वस्तीत असतो. कुठे तो निवृत्त मास्तर असतो, कुठे एसटीचा कंडक्टर, एवढाच फरक. चहा यायच्या आत तो काचेला नाक लावतो आणि वर बागडणाऱ्या गप्पी-मॉलींकडे ढुंकूनही न बघता विचारतो, "तळाशी कोण टाकून राह्यले?"

यजमान हौसेने सांगतो, "कचरा खाणारा एखादा."

संपलं! "काहून? पगार देता का त्याले? वरच्यांची घाण कोणताच मासा खात नाही, भाऊ. घाण तुम्ही काढायची. त्याच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या आणा अन् रात्री लाइट बंद करून टाका. त्याले काय भूक नाही?"

मग सुरू होते सोयरीक. पहिलं स्थळ कोरी माशाचं. दक्षिण अमेरिकेचं, सालस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अट एकच, एकटं नांदणार नाही. निदान सहा जण सोबत हवेत. यजमानाने टाकीत निळे-गुलाबी टोकदार खडे पसरलेले असतात. ते पाहून भाऊ स्वतःच्या मिशीवरून हात फिरवतात. "हे मिशीनं तळ उकरून खाते. खड्यानं मिशी झिजली तर खाईल कशानं? बारीक रेती धुऊन टाका." कोरी मधूनच सुर्रकन वर येऊन हवा गिळते, हे मात्र ते आधी सांगायला विसरतात. त्यामुळे मध्यरात्री फोन येतो, "भाऊ, मासा तडफडून राह्यला!" भाऊ झोपेतच समजावतात की ती आतड्यानेही श्वास घेते. पण मे महिन्यात असा फोन आला, तर ते बनियनवरच निघतात. कोरीला पंचविसाच्या आसपासचं पाणी मानवतं आणि आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून वर येणंही जास्त. दुकानदाराने गळ्यात मारलेला हीटर यजमानाकडे असतोच. भाऊ तो काढून पंखा लावतात.

बाकीची स्थळं ते पटापट मोडतात. यो-यो लोच? शास्त्रीय नावात अल्मोडा, म्हणजे घराणं आपल्याकडचं. गोगलगायी फस्त करील, पण टोळीने आणि दंगेखोर. लालशेपट्या शार्क? दिसायला राजबिंडा, पण आठवड्यात तळाचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतो. गोल्डफिश तर तळाचाही नाही, तरी कोणीतरी विचारतंच. त्याला थंड पाणी लागतं आणि रात्री काचेला चिकटणारा सकर मासा त्याच्या अंगावरचा चिकटा ओरबाडतो.

सकर म्हटलं की भाऊंचा आवाज खाली येतो. दुकानात तो दोन इंचांचा, केविलवाणा, सगळ्यांत स्वस्त. वाढला की दीड फुटाचा. टाकीत मावेना, म्हणून लोक तो तळ्यात सोडतात. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत तो असाच माजलाय. "निळोण्याच्या धरणात सोडाल तर माझ्याशी गाठ आहे," असा दम भाऊंनी गावभर देऊन ठेवलाय.

पाणी बदलण्याबाबत मात्र ते यवतमाळला पैकीच्या पैकी मार्क देतात. क्लोरीन उडायला पाणी साठवून ठेवावं लागतं, आणि निळोणा-चापडोह धरणांच्या भरवशावरच्या आमच्या गावात न साठवलेलं पाणी असतं कुठे? नळ कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. घरोघरी ड्रम भरलेले.

भाऊंच्याही अंगणात निळे ड्रम आहेत. तळ्यात सोडायची बंदी घातल्यावर लोकांनी वाढलेले सकर त्यांच्याच दारात बादलीतून आणून ठेवले. दोन मोठ्या सकरांचं एका जागी पटत नाही, म्हणून प्रत्येकाला वेगळा ड्रम.

परवा पाहुणे आले. काकूंनी आतून विचारलं, "अहो, प्यायचं पाणी कोणत्या ड्रममधलं घेऊ?"

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. "चहाच ठेव," म्हणाले, "दुधाचा."