टीपीएम 2.0 यांस खुले पत्र

श्री. टीपीएम 2.0, मुक्काम मदरबोर्ड, काचीगुडा, हैदराबाद यांस


पत्र खरे तर मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांना लिहायचे होते. बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे विद्यार्थी, म्हणजे गाववालेच. पण विंडोज 11 च्या दारावर किल्ल्या सांभाळत बसला आहात तुम्ही, संगणकाचे सुरक्षारक्षक, आणि अडते ते साहेबापाशी नाही, दारवानापाशी.

मला दिसत नाही. एनव्हीडीए पडदा वाचून दाखवतो, मी ऐकतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये तो सुरू केला. फुकट आहे, मराठीही वाचतो. सूर यंत्राचा, पण मराठी आमच्या काचीगुड्याहून शुद्ध.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नियमित अपडेट थांबले आणि मला मागची वेळ आठवली. 29 जुलै 2016 ला विंडोज 10 चे फुकट अपग्रेड बंद झाले, तरी सहाय्यक तंत्रज्ञान वापरणाऱ्यांसाठी दार 16 जानेवारी 2018 पर्यंत उघडे होते. 'मी वापरतो' म्हणायचे आणि बटण दाबायचे. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही, सरकारी दवाखान्याचा शिक्का नाही! मग काय, धडधाकट डोळ्यांची माणसेही आमच्या रांगेत घुसली. कीबोर्डचे शॉर्टकट वापरतो, तेही सहाय्यक तंत्रज्ञानच की, असा त्यांचा युक्तिवाद. मला तर भरून आले. आमच्यात यायला लोक इतके उतावीळ कधीच नव्हते.

या वेळी विंडोज 11 फुकट सगळ्यांनाच. फक्त यंत्र तुमच्या पसंतीचे हवे. माझ्या संगणकात तुम्ही आहात, पण निजलेले. उठवायचे तर बायोसमध्ये शिरावे लागते, आणि तिथे ना एनव्हीडीए, ना विंडोजचा स्वतःचा वाचक नॅरेटर. ही बोलकी मंडळी उठतात विंडोज उठल्यावर. बायोस त्याआधीचा, ठार मुका.

सिकंदराबादच्या पार्क लेनवरचा दुकानदार म्हणाला, "चाचा, ये पुराना नक्को, नया लेलो." मी हट्टाला पेटलो. पुण्याच्या भाचीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला.

"मामा, अजून वर. फोन हलवू नका. आता खालचा बाण दोनदा. एंटर. अहो नाही, एस्केप, एस्केप!"

पाऊण तासाने तुम्ही उठलात. भाचीने टाळ्या वाजवल्या. मी चहा टाकला.

मग विंडोज 11 चालेल का, याची तपासणी चालवली. एनव्हीडीएने स्वच्छ वाचले की टीपीएम 2.0 सापडले. आणि त्याच सुरात पुढची ओळ वाचली, प्रोसेसर चालणार नाही. माझा सहाव्या पिढीचा, पाहिजे आठव्या पिढीपासून पुढचा.

तर आता तुम्ही जागे, मीही जागा, आणि दार बंदच. पुन्हा निजायचे असेल तर खुशाल निजा, पण अंथरूण घालायला मी काही बायोसमध्ये येणार नाही.

आपला,
एक काचीगुडेकर