आधी पदवी, मग रंगभूमी

पोराने ‘मी नाटकच करणार’ म्हटलं की मराठी घरात डॉ. श्रीराम लागूंचं नाव निघतंच. "लागू बघ, आधी कान-नाक-घशाचे सर्जन झाले!" काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, रंगभूमीची प्रवेशपरीक्षा वैद्यकीयच असावी. निळू फुल्यांचा दाखला मात्र कुठलाच मामा देत नाही. ते पुण्याच्या एएफएमसीत माळी होते. (तेही वैद्यकीय महाविद्यालयच म्हणा, पण बागेच्या बाजूने.)

लागूंनी चाळिशी उलटल्यावर चालता व्यवसाय सोडला, हेही सोयीने गाळलं जातं. आणि १९७० साली त्यांनी गाजवली कोणती भूमिका? म्हातारपणी मुलांच्या घरातून बाहेर पडावं लागलेल्या नटाची! ‘नटसम्राट’ बघून प्रेक्षक ढसाढसा रडले, घरी आले आणि पोराला सायन्सला घातलं.

एवढ्या बंदोबस्तात पोराला स्वतःबद्दल वेगळी शंका घ्यायची गरज उरत नाही. ती घरपोच मिळते. तरीही एखादा हट्टी निघतोच. दोन नाटकं चालतात, पेपरात फोटो येतो. मग लग्नकार्यात काका मायेने खांद्यावर हात ठेवून विचारतात, "नाटक ठीक आहे रे, पण दिवसा काय करतोस?"