बरंझालंकर नाना

घरातली वस्तू मोडली की माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष विचारतो, "कुणी मोडली?" दुसरा विचारतो, "कितीला बसेल?" तिसरी एक जात आहे, ती काही विचारतच नाही. मोडलेल्या वस्तूकडे ती समाधानानं बघते आणि म्हणते, "बरं झालं!"

ही बरंझालंकरांची जात. तुमच्याही गल्लीत एक असणारच. साठी ओलांडलेला, पेन्शन घेणारा, पायात स्लीपर. लग्नात पंगतीला जिलबी संपली तर "बरं झालं, साखर वाढली असती" म्हणणारा आणि एसटी चुकली तर "बरं झालं, मागची रिकामी येते" म्हणून फलाटावर ऐसपैस बसणारा. आमच्या कन्नड गावात या जातीचा जो अस्सल नमुना नांदतो, त्याला सगळी गल्ली नाना म्हणते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून नाना निवृत्त झाले. वजाबाकी करताना त्यांची नजर गेलेल्या रकमेवर कधी नसते, ती कायम बाकीवर.

शेजारच्या घरात काही फुटल्याचा आवाज आला की नाना निघाले म्हणून समजा. हातात ना पाना, ना पक्कड. मदतीला येतात असं म्हणावं, तर ते खुर्ची शोधतात. सांत्वनाला येतात असं म्हणावं, तर चेहऱ्यावर बारशाला आल्याचा आनंद. आमच्या मिक्सरचा कपलर तुटला आणि अर्धवट वाटलेली चटणी भांड्यात तशीच राहिली, तेव्हा नाना उंबऱ्यातूनच म्हणाले, "कपलर गेला ना? मोटर नाही ना गेली? बरं झालं." गौताळ्याच्या जंगलाकडून वाट चुकून आलेल्या वानरानं आमच्या टाकीचं झाकण उचलून नेलं. नाना वर मान करून म्हणाले, "झाकणावर भागलं. टाकीत उतरून आंघोळ केली असती म्हणजे?" पुढचा आठवडाभर पाणी पिताना घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आंघोळ करणारं वानर यायचं. नाना धीर देतात तो असा.

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे कन्नड घाटाच्या प्रकरणावरून सगळ्यांना कळून चुकलं आहे. ३० ऑगस्ट २०२१ ला दुपारच्या गाडीनं नाना घाट उतरून चाळीसगावला मेहुण्याकडे जाणार होते. नेमकी त्याच दिवशी बोअरची मोटर बंद पडली. कंडेन्सर बदलून पाहिला, चालेना. वाइंडिंगच जळालेलं. मोटर उपसून भरायला टाकण्यात दिवस गेला आणि गाडी चुकली. त्या रात्री धो धो पाऊस झाला. पहाटेपर्यंत घाटात जागोजागी दरडी कोसळल्या आणि गाड्या अडकून पडल्या. तेव्हापासून ती जळकी मोटर नानांच्या मते देवानं धाडलेली.

काकूंनी, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींनी, तिथल्या तिथं हिशेब मांडला. "अहो, तुम्ही दुपारी निघणार होतात. दरडी पडल्या पहाटे. तोवर माझ्या भावाच्या घरी जेवून तुमची झोपही अर्धी झाली असती."

नाना शांतपणे म्हणाले, "आणि चाळीसगावात सकाळी पूर आला तो?"

पूर खराच आला होता. काकू गप्प झाल्या. घाटाच्या वर दरड आणि खाली पूर अशा दोन्ही बाजूंनी नानांची मोटर जळणं योग्यच ठरलं. ज्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून त्या घाटाला औट्रम घाट म्हणतात, त्या जेम्स औट्रमनंही इतक्या सहज दोन्ही टोकं ताब्यात घेतली नसतील.

मात्र नानांना निव्वळ भोळा आशावादी समजू नका. त्यांच्याजवळ शास्त्र आहे. एकदा त्यांच्याच घरी कुकरच्या शिट्टीच्या नळीत डाळीचं टरफल अडकलं, वाफ कोंडली, सेफ्टी व्हॉल्व्ह गेला आणि तुरीचं वरण थेट छताला लागलं. काकू छताकडे बघत होत्या. नाना व्हॉल्व्ह चिमटीत धरून गल्लीतल्या पोरांचा तास घेत होते.

"यात मुद्दाम लवकर वितळणारा धातू घालतात. वाफ कोंडली, उष्णता वाढली की आधी हा वितळतो आणि वाफेला वाट देतो. हा गेला म्हणून कुकर राहिला. फ्यूजची तार तशीच. वीज जास्त आली की ती आधी जळते, म्हणून घरातली वायर वाचते. मिक्सरचा कपलर आधी तुटतो, म्हणून मोटर टिकते. घरात जे आधी मोडतं ते दुसऱ्यासाठी मोडतं, पोरांनो. त्याचे आभार मानावेत."

पोरांनी व्हॉल्व्हला नमस्कार केला. काकूंनी पदर खोचला, स्टूल ओढलं आणि वर चढता चढता विचारलं, "मग या घरातली फ्यूजची तार कोण, ते पण शिकवा की पोरांना."

नानांनी तेवढा धडा परीक्षेला नसल्यासारखा सोडून दिला.

शास्त्र कमी पडलं की नाना संतांना बोलावतात. आपला जिल्हाच नाथांचा. पैठणला एकनाथ महाराज गोदावरीतून आंघोळ करून निघाले की एक जण त्यांच्या अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा नदीत उतरायचे. असं १०८ वेळा झालं आणि इतक्या वेळा गोदास्नान घडवल्याबद्दल नाथांनी उलट त्याचेच उपकार मानले. ही कथा नाना गिझर बंद पडला तरी सांगतात, नळाची तोटी गळायला लागली तरी सांगतात. काकूंचं उत्तर ठरलेलं. "नाथांच्या दारात गोदावरी होती. आपल्या दोन बादल्यांत कितीदा आंघोळ करता ते बघते मी."

मग नाना देहूला जातात. दिवाळं निघालं, दुष्काळानं घर धुऊन नेलं, तरी तुकोबांनी त्याबद्दल देवाला बरंच म्हटलं, यापुढे आपला बंद पडलेला कूलर किती? काकूंचा अभ्यास इथंही पक्का. "तुकोबा भंडाऱ्यावर बसायचे तेव्हा डोंगर चढून भाकरी कोण न्यायचं? जिजाई. तिला कुणी विचारलं का, बरं झालं का म्हणून?" असा हा अध्यात्माचा फड दर चार-आठ दिवसांनी कुठल्या ना कुठल्या बिघाडाच्या निमित्तानं रंगतो, आणि तोपर्यंत बिघाड जागच्या जागी असतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, नानांच्या घरची पूजा बघण्यासारखी. लोक कोयता, विळा, फार तर मोटारसायकल पूजतात. नाना पक्कड, टेस्टर, जुना कंडेन्सर, तुटलेले कपलर आणि तो वितळका व्हॉल्व्ह पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. चालू वस्तूंची पूजा सगळेच करतात, कामी आलेल्यांची कोण करणार, हा त्यांचा सवाल. काकू त्या पाटावर न चुकता फरशी पुसायचं फडकं आणून ठेवतात. नाना ते उचलून बाजूला ठेवतात. पूजेत ओलं फडकं बरं दिसत नाही.

हा स्वभाव नानांच्या अंगात आला कुठून? मला वाटतं, तो इथल्या मातीतून आला. आमच्या तालुक्यात शेतकऱ्याला हिशेब असाच मांडावा लागतो. २०१७ ला कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली, तेव्हा माणसं म्हणाली, मका तरी हाताशी आहे. मग लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात येऊन बसली, तेव्हा म्हणाली, अद्रक तरी आहे. अद्रकीला सड लागली तर, विहिरीत पाणी तरी आहे. गेलेलं मोजत बसलं तर पुढची पेरणी व्हायची नाही. जे उरलं त्याचं नाव घेऊन सकाळी उठायचं.

नानांची स्वतःची पाठशाळा १९७२ चा दुष्काळ. तेव्हा ते शाळकरी पोर होते. आईबरोबर दुष्काळी कामावर जायचे. ती खडी फोडायची, हे टोपलं भरायचे. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर आणि कामावर मिळणारी सुकडी, यांवर दिवस काढलेले. एकदा असंच छतावरच्या वरणाकडे बघत ते मला म्हणाले होते, "तुम्हाला तिथं नुकसान दिसतं. मला दिसतं की आपल्या घरात छताला लावण्याइतकं वरण आहे." मिक्सर बिघडायला आधी मिक्सर असावा लागतो. लाईट गेली म्हणून चडफडायला आधी घरात लाईट यावी लागते. नानांचं बरं झालं ऐकून कितीही चिडचिड झाली, तरी हे मनातून खोडता येत नाही.

तरीपण काकूंची तक्रार खोटी ठरत नव्हती. नानांच्या आभाराला पत्ता होता, पण तो देवाचा, व्हॉल्व्हचा, कंडेन्सरचा. वरण पुसणाऱ्या हाताच्या घरी ते टपाल कधी पोचलंच नाही.

मग वॉशिंग मशीनचा पाइप निसटला. सकाळची वेळ, बाथरूमपासून ओट्यापर्यंत साबणाचं पाणी. नानांनी चष्मा वर सरकवून पाहिलं, म्हणाले, "बरं झालं, फरशी आपोआप धुतली गेली," आणि पेपर घेऊन ओसरीवर बसले. पाच मिनिटांनी आतून आवाज आला. या वेळी वस्तूचा नव्हता.

हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. मनगट मोडलं होतं. ते हसून म्हणाले, "बरं झालं काकू, पडताना हात टेकवलात. खुब्यावर पडला असतात तर अवघड होतं."

म्हणजे डॉक्टरही त्याच जातीचे निघाले. शिवाय बोलले ते खरंच होतं. हात मोडला म्हणून खुबा वाचला; कपलरचा, तारेचा, व्हॉल्व्हचा नियम तंतोतंत. नानांना याहून चांगला दाखला गल्लीत कुणी दिला नव्हता. आम्ही चौघे शेजारी दवाखान्यात त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. नानांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जसं काकू इतकी वर्षं त्यांच्याकडे बघत आल्या होत्या. बोलले काहीच नाहीत. काकूच म्हणाल्या, "बघा, सापडली फ्यूजची तार."

सहा आठवड्यांचं प्लास्टर. मुलगा पुण्याला, सून नोकरीला. पहिल्या आठवड्यात गल्लीनं डबे दिले, मग स्वयंपाकघराचा ताबा नानांकडे आला. मीठ आणि पिठीसाखर यांचे डबे सारख्याच रंगाचे का, ओट्याखालची मोरी रोज का तुंबते, भांड्यांचं पाणी फरशीवर का सांडतं, हे प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच पडले. आवाज आला की शेजारी धावणारे नाना आता आवाज आला तरी घरातून हलत नव्हते. घरातच पुरेसे आवाज होते.

आणि मग व्हायचं ते झालं. नानांनी कुकरमध्ये डाळ गळ्यापर्यंत भरली. डाळ फुगते, तिला अर्धा कुकर मोकळा ठेवावा लागतो, हे गणिताच्या पुस्तकात नव्हतं. व्हॉल्व्ह गेला, वरण वर गेलं. मी पळत गेलो तेव्हा नाना स्टुलावर उभे, हातात फडकं, कपाळावर हळदीचा ठिपका. काकू गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी छताकडे एक नजर टाकली आणि अगदी नानांच्याच सुरात म्हणाल्या, "व्हॉल्व्हच गेला ना? कुकर तर राहिला. बरं झालं."

नाना वरून कडाडले, "बरं झालं काय बरं झालं! हे छत कोण पुसणार?"

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. काकू इतक्या हसल्या की प्लास्टरमधला हात दुखायला लागला. नाना स्टुलावरून उतरले, फडकं पिळलं, पुन्हा चढले आणि कोपऱ्यातला डाग शेवटपर्यंत घासत राहिले. त्या दिवशी संतांपैकी कुणालाही बोलावणं गेलं नाही.

प्लास्टर निघालं त्याला आता बरेच महिने झाले. नाना सुधारले असतील असं वाटत असेल, तर बरंझालंकरांची जात तुम्हाला कळलीच नाही. बोल तोच आहे, फक्त काकूंनी त्याला एक नियम लावून दिला आहे. आधी फडकं, मग बरं झालं. यंदाच्या खंडेनवमीला पाटावर कंडेन्सरशेजारी फडकं होतं, धुऊन, वाळवून, नीट घडी घालून. नानांनीच ठेवलेलं.

परवा आमच्या मोरीतल्या नळाची तोटी हातात आली आणि पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर. कॉक बंद करेपर्यंत निम्मं घर भिजलं. नाना आलेच. या वेळी खुर्ची शोधली नाही. धोतर वर खोचलं, खांद्यावरची दोन फडकी काढली, एक माझ्या हातात दिलं. अर्धा तास आम्ही दोघे वाकून पाणी टिपत होतो, बादलीत पिळत होतो. फरशी कोरडी झाली, तसे नाना कंबरेवर हात ठेवून सरळ उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं आणि आज्ञा मागितल्यासारखं विचारलं,

"आता म्हणू का?"